शेपटीचा पुरावा

—अरे पण बस तर खरा, उभ्याउभ्या काय बोलतोस! मी काय आत्ता प्लांटमध्ये आहे? आज सुट्टी, मी बनियनवर आहे, तू माझ्या घरी आलायस, मग खुर्चीत बसायचं. ती नको, तिचा पाय डगडगतो. इकडे ये, पंख्याखाली. सुवर्णा, सुकदेव आलाय गं, पाणी आण आधी, चहाचं मग बघ. मंजुषा कुठाय? फाटकाशी? बसू दे तिला कडुलिंबाखाली, तिथे वारा तरी आहे, इथे स्लॅब नुसता तापलाय. संजू झोपलाय ना तिच्या मांडीवर? मग आत आणूच नका. चार वाजेपर्यंत जितका झोपेल तितका बरा. स्टेजवर पोर रडायला लागलं की लोक मुद्दा विसरतात आणि पोराकडे बघत बसतात — म्हणजे पोराकडेच बघायचंय त्यांनी, पण समजून घेऊन बघायचंय, नाहीतर आपल्या सभेत आणि तुझ्या आईने लावलेल्या दर्शनाच्या रांगेत फरक काय राहिला?

जीप? जीप कशाला तुला? — मुंबईला? आज? सुकदेव, आज काय आहे ते ठाऊक आहे ना तुला? आमलीपासून खडोलीपर्यंत प्रत्येक कंपनीच्या फाटकावर पोस्टर लागलंय. ‘माणूस: घडवलेला की घडत गेलेला?’ एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला रघुनाथ. आणि दिवस कोणता निवडला त्याने? हनुमान जयंती! मी म्हटलं, चालेल, उलट बरंच आहे, तुझ्या मारुतीच्या वाढदिवशीच होऊन जाऊ दे काय ते. हॉल भरणार आज. मुंबईहून प्राध्यापक आलेत अध्यक्ष म्हणून, दादऱ्याला तळ्याच्या बागेजवळ उतरवलंय त्यांना. आणि तू म्हणतोस जीप द्या. अरे, नवरदेवालाच गावाला घेऊन चाललास की तू!

हस जरा. बरं, नको हसू. ताप आहे? अरे, एप्रिल महिना आहे, या दिवसांत सगळ्या पोरांची अंगं तापतात, आमचा कौस्तुभ तर उन्हाळाभर कोमट असायचा. दूध ओढत नाही? तेही उन्हाने. चमच्याने पाणी पाजा, उकळून, गार करून. तू असा चेहरा करू नकोस रे. दोन मशीन एकटा सांभाळतोस, धागा तुटला तर डोळे मिटून गाठ मारतोस आणि चार महिन्यांच्या पोराच्या तापाने हातपाय गाळलेस? आता ऐक, तू आलायस ते बरंच झालं. मी सुरुवात अशी करणार आहे, ऐक आणि कशी वाटते सांग — ‘मित्रहो, चार महिन्यांपूर्वी आपल्याच वसाहतीत एका कामगाराच्या घरी मुलगा जन्माला आला. त्याच्या पाठीच्या खाली, माकडहाडाच्या जागी, बोटाएवढी मऊ शेपटी होती.’ इथे थांबायचं. कुजबुज होऊ द्यायची. मग म्हणायचं — ‘माकडहाड! आपल्या आज्यापणज्यांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, पण त्या हाडाला नाव त्यांनी बरोबर दिलं.’ आहे की नाही? टाळी पडणार इथे. मग सांगायचं की आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यात प्रत्येक गर्भाला शेपूट असते, तुला होती, मला होती, रघुनाथलाही होती — ती पुढे जिरते. लाखांत एखाद्याची जिरत नाही. म्हणजे काय? म्हणजे ती कुठून तरी आलेली आहे, लाखो वर्षं मागून आलेली आहे. ब्रह्मदेवाने माणूस अख्खा घडवून खाली सोडला असता, तर त्याने आधी शेपूट लावून मग पुसून टाकायचा उद्योग कशाला केला असता? संपलं. रघुनाथकडे याला उत्तर नाही. तो काय म्हणणार ते मला पाठ आहे — ‘माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?’ अरे, तुझ्या आजोबांच्या आजोबांना तू पाहिलंस का? मग ते नव्हते?

नाही, मी विषयावरच आहे. तूच विषय सोडून मुंबई-मुंबई करतोयस.

बघ, तुला विसर पडलाय, मी आठवण करून देतो. तुझ्या खोलीपुढे काय चाललं होतं? संजू जन्मला, बारशाला बाया जमल्या, तुझ्या आईने लंगोट सोडून दाखवलं आणि म्हणाली, ‘हाऊ मारुतीना अवतार शे!’ झालं. शनिवारी रांग. शेंदूर, तेल, रुईच्या माळा. डोंगरातली वारली-कोकणा माणसं चालत आली, वापीहून गुजराती कुटुंबं रिक्षा करून आली. पोराला पालथं झोपवायचं आणि शेपटीला तेल लावायचं. आणि तिच्या मुळाशी ते टाचणीच्या टोकाएवढं भोक आहे ना, तिथे ओल यायची, ती कापसाने टिपून तीर्थ म्हणून डोळ्यांना लावायचे! तीर्थ! कोण आलं तेव्हा? रघुनाथ आला, पण हार घेऊन आला. केमिस्ट्रीचा एम.एस्सी. माणूस, रंगाच्या कारखान्याचा मॅनेजर, माझ्याबरोबर रोज संध्याकाळी बॅडमिंटन खेळणारा — त्याने तुझ्या पोराच्या पायांवर डोकं ठेवलं! मी तेव्हा काय केलं? रांगेत घुसलो, तेलाची वाटी उचलून गटारात ओतली, तुझ्या आईच्या शिव्या खाल्ल्या, आणि सगळ्यांसमोर समजावून सांगितलं की बायांनो, हा देव नाही, हे बाळ आहे, आणि ती ओल म्हणजे घाम आहे, तिथे घामाच्या ग्रंथी असतात. अर्ध्या बाया निघून गेल्या की नाही? तू स्वतः माझ्या पाया पडायला लागलास, मी पडू दिलं नाही. तुझं पोर मी त्या शेंदरातून बाहेर काढलंय, सुकदेव. मला त्याचं काही वाटत नाही असं समजू नकोस. खूप वाटतं.

तर मग कापायचं कशाला? हो, हो, कापायचं कोणी म्हणालं नाही, ‘तपासायचं’ म्हणाल्या शैलजाबाई. माहितेय मला. मीच आलो होतो ना तुझ्याबरोबर दवाखान्यात. चांगली मुलगी आहे, हुशार आहे, पण नवीन आहे. मी सरळ विचारलं, डॉक्टर, ही शेपटी निरुपद्रवी आहे ना? आणि ती काय म्हणाली आठव — ‘नक्की सांगता येत नाही.’ म्हटलं, का? तर म्हणे, कधीकधी अशा शेपटीखाली मणक्यात काहीतरी अर्धवट राहिलेलं असतं, कधी नसतं. असेल असं मी म्हणत नाही, नसेल असंही म्हणणार नाही. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात बघावं लागेल. हे काय उत्तर झालं? मी तिला म्हटलं, डॉक्टर, आमच्या प्लांटमध्ये मी भिंतीवर रंगवून घेतलंय, लाल अक्षरांत — वाचलंयस ना तू, सुकदेव? रोज वाचतोस. ‘माहीत नाही हे उत्तर नाही.’ ऑपरेटरला मी तसं म्हणू देत नाही, मग डॉक्टरला कसं म्हणू देऊ? ती नुसती हसली. आणि गंमत सांगू? रघुनाथसुद्धा गेला होता तिच्याकडे, त्यालाही तिने हेच सांगितलं, आणि तोसुद्धा तिला हसला. आयुष्यात त्या एका बाबतीत आमचं दोघांचं एकमत झालं. नाही, आणखी एका बाबतीत झालं. वादाच्या अटी ठरवायला बसलो ना क्लबात, तेव्हा वेळेवरून भांडलो, अध्यक्षांवरून भांडलो, आधी कोण बोलणार त्यावरून भांडलो. पण मूल हजर पाहिजे, आणि आहे तसं पाहिजे, शेपटीला कोणी हात लावायचा नाही, हे दोघांनी एका दमात मान्य केलं. हात मिळवला आम्ही त्यावर.

तू असा बघू नकोस माझ्याकडे. तुमच्या भल्याचंच बघितलं मी. शैलजाबाईंचा मागच्या आठवड्यात फोन आला होता, विचारत होत्या अजून कसं नेलं नाही म्हणून. मी सांगितलं त्यांना, आईवडिलांची मनाची तयारी नाही, जयंती झाली की मी स्वतः पाठवतो — काय? तुमची तयारी होती? अरे पण तुलाही मी सांगितलंच होतं ना, की डॉक्टरीणबाईंना स्वतःलाच खात्री नाही, मग घाई कशाला. ते खोटं आहे का? त्यांना खात्री नव्हतीच. त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, माझ्यासमोर. मी एक शब्द पदरचा घातला नाही. थांब, जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, वाळू.

काय रे वाळू? — हो, निघ ना, निघ. दादऱ्याला जा, प्राध्यापकांना घे, येताना त्यांच्याच गेस्टहाऊसवर तो स्लाइडचा प्रोजेक्टर ठेवलाय, तो जपून आण, मांडीवर घेऊन बसायला सांग कोणाला तरी. हो, जा तू. फाटक ओढून घे.

बस रे. बस. येईल अर्ध्यापाऊण तासात, दादरा काय लांब आहे? सभा संपली की तीच जीप तुला. रात्रीच्या रात्री मुंबई, डिझेल टाकून देतो, वाळू सोबत येईल. झालं समाधान? मग. मी कधी नाही म्हटलं का? आता मला खरं सांग एक. रागावणार नाही मी. हे आजच, नेमकं आजच, दुपारी, सभेच्या तोंडावर — हे तुला कोणी सुचवलं? रघुनाथ आला होता ना तुझ्याकडे? नाही? मग त्याची बायको? अरे, मला काय कळत नाही? रघुनाथला माहितेय की संजू टेबलावर आला, पांढऱ्या चादरीवर, मी लंगोट सोडला, आणि लोकांनी डोळ्यांनी बघितलं, की त्याचा खेळ खलास. मग सोपी वाट काय? पोरच गायब करायचं. शैलजाबाईंना पुढे करायचं. त्या बाई परवा रघुनाथच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या होत्या, सुवर्णाने सांगितलं मला. आज सकाळी तू परत गेलास त्यांच्याकडे, त्यांनी पोराला बघितलं, आणि म्हणाल्या आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या, ॲम्ब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन सुरतेला गेलीय तर साहेबांकडे जीप मागा — माझ्याकडेच मागा! वा! दोन आणि दोन चार होतात, सुकदेव. मी आयुष्यभर दोन आणि दोन करत आलोय. तू साधा माणूस आहेस, तुला वापरतायत.

काय म्हणालास? मोठ्याने बोल. पंख्याचा आवाज आहे.

मान? मान वाकवता येत नाही म्हणजे? कुशीवर घेतलं तर डोकं मागेच जातंय? अरे, झोपेत पोरं कशीही पडतात. टाळू — टाळू वर आलीय म्हणजे? फुगलीय? सकाळपासून? कोण म्हणालं, शैलजाबाई म्हणाल्या की तूच हात लावून बघितलास? आणि पाय? पाय मारत नाही. कधीपासून मारत नाही? — होळीच्या आधीपासून? आणि मला आत्ता सांगतोस? — सांगितलं होतंस? कधी? हां. हो. सांगितलं होतंस. मी म्हटलं होतं, शांत स्वभावाचं पोर आहे. हो, मीच म्हटलं होतं. मला वाटलं होतं तसं. आमचा कौस्तुभ लाथा मारून मारून पांघरूण फेकायचा, मला वाटलं सगळीच पोरं काही तशी नसतात. आणि ती ओल? ती ओल कशी आहे आता? जास्त? लंगोट नाही, पाठ भिजते? आणि पाण्यासारखी स्वच्छ, वास नाही, चिकट नाही —

घामाला वास येतो.

चल. चल बाहेर, बघू दे मला. सुवर्णा, अगं टॉर्च — नको टॉर्च, ऊन आहे. ही चप्पल कुठे गेली? राहू दे. सुवर्णा आधीच गेलीय का फाटकाशी? मला बोलली का नाही? मंजुषा, उठू नकोस, बस तशीच, पदर जरा बाजूला घे बाळाच्या तोंडावरून. संजू. ए संजू. ए लबाडा. — डोळे उघडे आहेत की याचे. अर्धे उघडे. झोपलेला नाहीये हा. कधीचा असा आहे? संजू! ओळखतो मला तो, माझा आवाज ऐकला की मिशी ओढायला हात वर करतो, परवा-परवापर्यंत — सुकदेव, त्याचा पाय धर. नको, थांब, मी बघतो. तळव्याला नखाने असं केलं की पोर पाय ओढून घेतं. कोणतंही पोर घेतं, ते शिकवावं लागत नाही, ते — हां. दुसरा. दुसरा बघू. — जरा जोरात करतो हां, मंजुषा, दुखणार नाही त्याला. म्हणजे दुखलं तर बरंच आहे. संजू बाळा, ओढ की. ओढ ना पाय. ओढ रे राजा.

नाही ओढत.

सुवर्णा, तू असं बघू नकोस माझ्याकडे, फोन लावतो मी. सुकदेव, ये माझ्याबरोबर, तू ये, तुझ्यासमोर लावतो. जीप गेली — हो, मीच पाठवली, तुझ्यासमोर पाठवली, म्हणून काय आता? रघुनाथकडे व्हॅन आहे, दारात उभी असते, दोन मिनिटांत येईल. एंगेज. परत एंगेज. सगळ्या वसाहतीला आमंत्रणं देतोय वाटतं. — हॅलो! रघुनाथ? मी अविनाश. ऐक, तुझी व्हॅन पाठव. आत्ता, लगेच, माझ्या घरी. मुंबईला पाठवायचंय संजूला. — हो, संजूलाच. — नाही, सभेनंतर नाही, आत्ता. — डाव? कसला डाव? अरे, मला माझाच पुरावा नाहीसा करायचा असता तर — नाही, कापायला नाही नेत आहेत, कोणी कापत नाहीये! तुमच्या देवाला कोणी हात लावत नाहीये, रघुनाथ, पोर आजारी आहे. — शैलजाबाई माझ्या बाजूच्या? त्या कोणाच्याच बाजूच्या नव्हत्या रे, तीच तर — ऐकून घे. ऐकून घे माझं. मला हरण्याची भीती वाटतेय असं म्हण. म्हण खुशाल. मी हरलो. हॉलवर माईकवरून सांग, अविनाश हरला, पळाला, काय वाटेल ते सांग, पण व्हॅन पाठव. — आरती झाल्यावर? लोक हार घेऊन उभे आहेत? अरे, त्याची मान — काय झालंय म्हणून काय विचारतोस, काय झालंय ते — नक्की? नक्की नाही सांगता येत. रघुनाथ, मला नक्की — हॅलो? हॅलो!

ठेवला. त्याला वाटतंय मी खोटं बोलतोय. अर्ध्या तासापूर्वी मला तुझ्याबद्दल हेच वाटत होतं, शब्द न् शब्द हेच. तू का नाही माझ्या अंगावर धावून आलास? खुर्चीत बसून राहिलास, मी भाषण म्हणून दाखवत होतो आणि तू बसून राहिलास! साहेब म्हणून? हॅट्, कसला साहेब? माझ्या मुस्काटात द्यायला पाहिजे होतीस तू. थांब, मी परत लावतो. दुसऱ्या कोणाकडे — शेजारचा मूर्ती नाशिकला गेलाय, पटेलची गाडी गॅरेजात आहे, क्लबाची मेटॅडोर हॉलच्या खुर्च्या वाहतेय. शैलजाबाईंना लावू? त्यांना काय सांगू? त्या विचारतील आधी का नाही आणलं. सुकदेव, त्यांनी तुला विचारलं तर तू काय सांगशील? नाही, मी सहज विचारतोय. सांग जे आहे ते. माझं नाव घे. घे माझं नाव.

कसला ब्रेक वाजला हा? ट्रक थांबला का फाटकाशी? सुवर्णा रस्त्यात जाऊन उभी राहिली? वेडी आहे का ही, ट्रकसमोर — कुठला आहे, भिवंडीचा? यार्न घेऊन चाललाय? थांबला तो? बरं झालं. बरं झालं, बरं झालं. चल, मी येतो. मी येतो तुमच्याबरोबर, सदरा घालतो आणि येतो, पैसे घेतो कपाटातले, हॉस्पिटलात ओळख काढतो, तिथे कोणीतरी बोलणारा लागतो, तुम्हाला कोणी उभं करणार नाही तिथे. थांब, सुकदेव. अरे थांब म्हणतोय ना! ही कपाटाची किल्ली — सुवर्णा, किल्ली कुठे ठेवलीस? सुवर्णा! तू कुठे चढतेयस? चप्पल तरी घाल. मंजुषाला आधी चढव, पोराला आडवं धर, मान सांभाळ त्याची, गचके बसतील, ड्रायव्हरला सांग हळू — नाही, हळू नको, सांग लवकर ने. सुकदेव, मला हात दे. दे ना हात, जागा आहे की मागे. नको? का नको? मी येतो म्हणतोय. मी बोलणार नाही, एक शब्द बोलणार नाही, नुसता बसून राहीन. — सुकदेव. सुकदेव!

वाळू! आलास? बरं केलंस. फिरव, जीप फिरव. — नमस्कार, नमस्कार सर, नंतर बोलू, तुम्ही खाली उतरा. हो, इथेच. प्रोजेक्टर राहू दे कुठेही, टाका अंगणात. नाही, हॉलवर नाही, वाळू, हॉलवर नाही जायचं. ट्रकच्या मागे. आत्ता इथून गेला तो. मागे सुकदेव आहे, त्याचं पोर आहे, बाईसाहेब आहेत. वाटेत दिसला का तुला? — ट्रक बरेच दिसले, बरोबर आहे, इथे ट्रकांशिवाय दिसणार काय. भिवंडीचा. वापीवरून जाईल की नरोलीवरून भिलाडला निघेल? नंबर? नंबर नाही बघितला मी. रंग — तेही नाही बघितलं. अरे, मी पोराकडे बघत होतो. मुंबईत कुठल्या हॉस्पिटलात? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं असेल त्याला, मी विचारलंच नाही. तू चालव ना, असा थांबून काय राहिलास, फाट्यापर्यंत तर घे. उजवीकडे की डावीकडे ते —

माहीत नाही. मला माहीत नाही, वाळू.